तुम्ही विचारलंत म्हणून: वडीलपद का सोडलं?

"मुलगी चर्चला येत नाही म्हणून ना?" उपासना संपून चपला घालताना कुणीतरी विचारतंच. आता एकदाच नीट सांगतो. मी आमच्या चर्चचा वडील होतो, म्हणजे पाळकांसोबत (पास्टरसोबत) मंडळीची, चर्चच्या लोकांची, देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक.

मुलगी येत नाही हे खरं. २३ वर्षांची आहे, ठाण्यात नोकरी करते. पण तिच्यामुळे मला कुणी जा म्हटलं नाही. पाळकसाहेब तर थांबा म्हणत होते.

अकरा वर्षांपूर्वी ऐरोलीतल्या भाड्याच्या हॉलमध्ये वडीलमंडळाची बैठक होती. आमच्यातल्याच एका भाऊंचा थोरला मुलगा पिऊ लागला होता, चर्चही त्यानं सोडलं होतं. कुजबुज सगळेच करत होते, बोललो मी. बायबलमधलं पौलाचं तीताला पत्र, १:६ उघडून मोठ्यानं वाचलं: वडिलाची मुलं विश्वास ठेवणारी असावीत, त्यांच्यावर बेतालपणाचा आरोप नसावा. भाऊंनी चष्मा काढून पुसला. वाद घातला नाही. बैठक संपल्यावर नेहमीसारख्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचल्या आणि प्रभूभोजनाचे पेले ठेवायच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे धरली. लाल दोऱ्यात बांधलेली. मी ती घेतली. "पोराला एकदा भेटाल का?" त्यांनी विचारलं. "भेटतो की," म्हणालो. भेटलो नाही.

पात्रता पाहू नये असं मी आजही म्हणणार नाही. पौल शिक्षण, पगार, गाव विचारत नाही; माणूस भांडखोर आहे का, पैशाला हपापलेला आहे का, घरी आलेल्याला पाणी विचारतो का, हे विचारतो. शिकवता येणं सोडलं तर बाकी बहुतेक स्वभावाचीच परीक्षा आहे. ती सैल करून चालणार नाही.

मग माझी मुलगी यायची थांबली, आणि मी अभ्यासाला बसलो. तीताच्या पत्रातल्या त्या ग्रीक शब्दाचा, पिस्तोसचा, अर्थ 'विश्वास ठेवणारा' होतो तसा 'विश्वासू' असाही होतो. १ तीमथ्य ३:४ मध्ये तर मुलं आज्ञेत असावीत एवढंच आहे, आणि तेही घर चालवण्याच्या संदर्भात. कमावत्या मुलीच्या श्रद्धेचा जाब बापाला विचारावा असं मला त्यात दिसत नाही. हा अर्थ मला पटतो. पण त्या संध्याकाळी हा शब्दकोश मी का नाही उघडला? प्रेषित पेत्र मंडळीच्या वडिलांना सांगतो की कळपावर हुकमत गाजवू नका. मी वचन हातात धरून तेच केलं होतं. जी सवलत भाऊंना दिली नाही ती स्वतःला कशी घेऊ? म्हणून सोडलं.

बायकोला हे पटलेलं नाही. "तुमच्या चुकीची शिक्षा मंडळीला कशाला? भाऊंची माफी मागायची सोडून राजीनामा कसला देता?" तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. माफी तोवर मागितली नव्हती.

गेल्या महिन्यात भाऊंचाच फोन आला. वहिनी आजारी होत्या. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं याकोबाच्या पत्रात आहे. मी म्हणालो, "भाऊ, मी आता वडील नाही."

"ठाऊक आहे. तेल घेऊन या."

खिशात तेलाची बाटली घेऊन ठाण्याहून वाशी लोकल धरली, घणसोलीला उतरलो. दार त्यांच्या थोरल्यानं उघडलं. "या काका," म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.