पाण्यापासून सुरू होणारी वाट

वासोटा किल्ल्याला जाणाऱ्या माणसाचा रस्ता बामणोलीलाच संपतो. साताऱ्याहून कासचे पठार ओलांडून गाडी शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाशी उतरली की पुढे लाँच धरावी लागते आणि तास-दीड तास पाण्यावरून गेल्यावर पलीकडच्या जंगलात पायवाट सुरू होते. बहुतेकांच्या लेखी हा तास-दीड तास म्हणजे चालण्याआधीची मौज असते. डबे उघडले जातात, फोटो काढले जातात. मला मात्र लाँचमध्ये बसल्यावर नेहमी असे वाटते की वाट केव्हाच सुरू झालेली आहे, फक्त तिचा पहिला भाग आपल्याला दिसत नाही.

कोयना महाबळेश्वरी उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला धरून जवळजवळ सरळ दक्षिणेला हेळवाकपर्यंत येते, तेथे एकाएकी पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या या दक्षिणवाहिनी खोऱ्यातच १९६०च्या दशकात धरणाचे पाणी साठले. त्यापूर्वी या खोऱ्याच्या दोन्ही अंगांना गावे होती आणि गावे होती म्हणजे वाटा होत्या : शेताकडे जाणारी, ओढ्यावरच्या पाणवठ्याला जाणारी, देवळाला जाणारी, आणि नदी ओलांडून वर डोंगराच्या सोंडेने घाटमाथ्याला भिडून कोकणात उतरणारी. तळातली गावे पाण्याखाली गेली आणि धरणग्रस्त जिल्ह्या-जिल्ह्यांत विखुरले. वाटांचे खालचे तुकडे बुडाले, वरचे तुकडे डोंगरावर तसेच राहिले. वासोट्याला आपण जी वाट चढतो ती अशाच राहिलेल्या तुकड्यांपैकी एक आहे, आणि कोयना अभयारण्यातली वाट म्हणून तिच्याकडे पाहताना हे सहज विसरले जाते की अभयारण्य १९८५चे आहे, वाट त्याहून कितीतरी जुनी.

या वाटेचे एक वैशिष्ट्य असे की तिचे पहिले पाऊल दर महिन्याला वेगळ्या जागी पडते. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. त्यातले बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे जाते आणि वीज होऊन पुढे निघून जाते. पाणी खाली गेले तरी वीज थांबू नये म्हणून १९९९ आणि २०१२ साली जलाशयाला तळातून भोक पाडण्याचे, म्हणजे लेक टॅपिंगचे, अवघड काम येथे झाले. याचा पायी चालणाऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. तर तो असा की पावसाळा संपल्यावर लाँच थेट झाडीच्या कडेला लागते आणि उन्हाळ्यात तीच लाँच बरीच अलीकडे थांबते. मग तडकलेल्या गाळावरून चालत जावे लागते. त्या गाळात गव्यांच्या खुरांचे ठसे असतात, इतके खोल आणि इतके स्वच्छ की दोन खुरांमधली चिखलाची धारसुद्धा वाळून उभी राहिलेली दिसते. मुंबईत दिवे लागतात म्हणून आपली चाल थोडी लांबते, ही गोष्ट मला तरी गमतीची वाटते.

पलीकडे मेट इंदवली लागते. गाव म्हणून ते आता नाही, वनखात्याची चौकी आहे. येथे नोंद होते, शुल्क घेतले जाते आणि मग पिशव्या उघडून प्लास्टिकची मोजणी सुरू होते. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटे, सगळे वहीत लिहून घेतात, अनामत रक्कम ठेवून घेतात आणि संध्याकाळी तेवढेच प्लास्टिक परत दाखवले तर ती परत मिळते. आमच्या पुढे उभ्या असलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांना हा प्रकार फारच अपमानास्पद वाटला होता. ‘‘अहो, आम्ही सुशिक्षित माणसे आहोत,’’ असे ते म्हणाले, त्यावर चौकीतल्या दादांनी मान वर न करता विचारले, ‘‘बरोबर आहे साहेब, पण चिक्कीची पाकिटे किती लिहू?’’ सुशिक्षितपणावर विसंबून राहिलेल्या आपल्या इतर किल्ल्यांचे पायथे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या वहीचे मोल वेगळे सांगायला नको. एवढी साधी, कंटाळवाणी आणि परिणामकारक व्यवस्था मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

चौकी सोडली की थोड्याच अंतरावर ओढा येतो, मारुती-गणपतीच्या मूर्ती लागतात आणि झाडीत शिरताच उजेड निम्मा होतो. जांभूळ, हिरडा, अंजनी यांचे हे दाट, बारमाही हिरवे रान; खाली कारवीचा गच्च थर. येथे चालताना माझे लक्ष झाडांपेक्षा वाटेच्या आखणीकडे अधिक जाते. ती कोठेही घाई करीत नाही. ओढ्याला धरून बरीच आत जाते, मग अंगावर येणारा चढ टाळून वळण घेते, पुन्हा दुसऱ्या अंगाला सरकते. चढ आहे हे पोटऱ्यांना कळते, पण धाप लागण्याच्या जरा आधी नेमका एक सपाट टप्पा येतो. डोक्यावर भारा किंवा पाठीवर पोते घेऊन चालणाऱ्या माणसांनी ही वाट पिढ्यान्‌पिढ्या घडवली असणार, कारण रिकाम्या हाताच्या माणसाला इतका विचार सुचत नाही. कागदावर आखलेल्या वाटा ताबडतोब ओळखू येतात. त्या सरळ वर जातात आणि पायऱ्यांनी जातात, आणि पायरीची उंची ठरवणाऱ्याने ती उतरून पाहिलेली नसते. गुडघे बोलू लागण्याच्या वयात हा फरक फार नीट समजतो.

कोयनेच्या या रानात मध्येच एखादी जागा अशी येते की झाडांची जातच बदलते. रानटी झाडांच्या गर्दीत दोन-तीन मोठाले आंबे, एक फणस, जवळच दगडी जोत्याचा कोपरा, आणि त्यात उगवलेले झुडूप. जंगलाने स्वतः लावलेली ही झाडे नव्हेत. कोणाच्या तरी परड्यातला हा आंबा, कोणाच्या तरी दारातला हा फणस. त्यांच्या फळांवर आता शेकरू, वानरे आणि अस्वले जगतात. शेकरू आपले राज्यप्राणी म्हणून पाठ्यपुस्तकात भेटते, पण खरे तर ते आधी ऐकू येते. डोक्यावर कोठेतरी कर्कश खडखडाट होतो, फांदी हलते आणि तांबूस झुपकेदार शेपटी या झाडावरून त्या झाडावर गेलेली दिसते. जमिनीवर ते क्वचितच उतरते. म्हणजे या वाटेचा त्याला काही उपयोग नाही, हे कबूल केले पाहिजे.

बाकीच्यांना मात्र आहे. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या यांनाही कारवीत घुसण्यापेक्षा मोकळी वाट बरी वाटते, याच्या खुणा पावलोपावली पडलेल्या असतात. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते आणि कारवी वाटेवर चाल करून येते. त्या महिन्यांत ही वाट बुजत नाही याचे बरेच श्रेय मी गव्यांना देतो. सूर्यास्तापूर्वी परत चौकीवर आलेच पाहिजे, गडावर मुक्काम करता येणार नाही, या नियमाबद्दल तरुण मंडळी कुरकुरतात. चांदण्या रात्री वासोट्यावर राहिल्याच्या जुन्या हकिकती त्यांनी ऐकलेल्या असतात. पण कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत या दोन्हींची नावे आली, आणि एका वाटेचे दोन वाटेकरी असतील तर वेळ वाटून घेणे हा भाऊबंदकीतलाही सर्वांत कमी भांडणाचा तोडगा आहे. दिवस आपला, रात्र त्यांची.

अर्ध्या चढावर वाट फुटते. एक फाटा गडाला जातो, दुसरा नागेश्वरला. नागेश्वर म्हणजे कड्यातली गुहा आणि तीत महादेव; महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवण्याच्या बाजूने माणसे हा डोंगर चढून दर्शनाला येतात. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या कितीतरी वाटा माणसांची ये-जा थांबल्यावर नाहीशा झाल्या. ही टिकली ती देवामुळे. गडाविषयी मी फार लिहीत नाही, कारण तेथल्या वाड्याचे अवशेष, चुन्याचा घाणा, हा गड लढवणाऱ्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी दिलेली झुंज आणि अर्धगोलात तुटलेला प्रचंड बाबूकडा यांवर भरपूर लिहिले गेले आहे. इतकेच सांगतो की वर पोचल्यावर सगळे पश्चिमेला कड्याकडे धावतात, आणि पूर्वेकडे फारसे कोणी पाहत नाही. तेथून खालचे पाणी हाताच्या बोटांसारखे डोंगरांच्या घड्यांत शिरलेले दिसते, आणि लक्षपूर्वक पाहिले तर प्रत्येक बोट एखाद्या बुडालेल्या ओढ्याचे, म्हणजे बहुधा एखाद्या बुडालेल्या वाटेचेही असते.

कोणत्या महिन्यात जावे यावर आमच्या ओळखीच्या लाँचवाल्या मामांचे आणि माझे कधीच पटलेले नाही. त्यांच्या मते दिवाळीनंतरचे दिवस उत्तम : पाणी काठोकाठ, ओढे वाहते, सावली गार आणि लाँच अगदी दारात लागते. मी मे महिना म्हणतो. ऊन असते, घामाने जीव जातो, जंगलातला पाचोळा करकरतो, हे सगळे खरे. पण त्याच दिवसांत पाणी उतरलेले असते, गाळातून जुन्या बांधांचे दगड वर येतात, आणि त्या बांधांना धरून जाणारी वाट पाण्याच्या कडेपर्यंत येताना आणि तेथून पुढे पाण्यात शिरताना डोळ्यांनी पाहता येते. मामा यावर हसतात आणि म्हणतात, ‘‘ती वाट आम्ही चाललोय, गुरुजी. तिच्यात बघण्यासारखं काय नव्हतं.’’