जिन्याची फरशी सेंट्रिंगच्या आधी ठरवावी

आमच्याकडे, म्हणजे वर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, घर बांधताना जिन्यावर काय बसवायचे याचा विचार सर्वांत शेवटी होतो. स्लॅब पडतो, प्लास्टर होते, खोल्यांच्या टाइल्स येतात आणि मग उरलेल्या पैशांत व उरलेल्या उत्साहात जिन्याचा निकाल लावला जातो. धाकट्या भावाचे घर सध्या जोत्यापर्यंत आले आहे. ग्रॅनाइटचा रंग कोणता घ्यावा हे विचारायला त्याचा फोन आला, तेव्हा रंग राहू दे, आधी जाडी ठरव, असे मी त्याला सांगितले. ते त्याला फारसे रुचले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या मिस्त्रीने 165 मिलिमीटर उंचीच्या, अगदी सारख्या ओतल्या आहेत असे समजा. त्यांवर 18 मिलिमीटरचा ग्रॅनाइट आणि खाली सिमेंट-वाळूचा मसाला मिळून 40 मिलिमीटरचा थर चढला, तर मधल्या पायऱ्यांची उंची बदलत नाही, कारण प्रत्येक पायरी तेवढीच वर येते. प्रश्न पहिल्या आणि शेवटच्या पायरीचा असतो. खालच्या व वरच्या खोलीत मसाल्यासह टाइलचा थर 60 मिलिमीटरचा झाला, तर पहिली पायरी 145 मिलिमीटरची राहते आणि शेवटची 185 मिलिमीटरची होते. पाय मात्र सवयीने सारखीच उंची धरून चालतात. अंधारात, हातात पाण्याची घागर असताना, माणूस नेमका त्या शेवटच्या पायरीवर अडखळतो. राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्यासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि पाय ठेवण्याची रुंदी कमीत कमी 250 मिलिमीटर सांगितली आहे, पण या मर्यादेत बसूनही उंची असमान असेल तर जिना धोक्याचाच. जिन्याचा आणि खोल्यांचा थर आधी ठाऊक असेल, तर सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्याचा साचा, करतानाच पहिली व शेवटची पायरी त्या हिशेबाने कमी-जास्त ओतता येते. काँक्रीट पडल्यावर उरतो तो फक्त छिन्नी-हातोडा.

दुसरा आग्रह असा की घरातल्या आणि बाहेरच्या जिन्याला एकच दगड लावू नये. आपल्याकडे गच्चीवर जाणारा जिना बहुधा बाहेरून असतो आणि त्याच्यावरून काय काय जाते ते पाहावे: उन्हाळ्यात कुरड्या-पापड आणि मिरच्या वाळवायला, रात्री अंथरुणे, हंगामात तुरीची पोती. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा काळ्या ग्रॅनाइटवर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. पावसाळ्यात याच्या उलट अडचण. आपली काळी माती चपलेला चिकटून येते, ओल्या पायरीवर तिचा पातळ लेप बसतो आणि मग गुळगुळीत दगडावर पाय ठरत नाही. बाहेर पॉलिश केलेला ग्रॅनाइट लावून वर चार खाचा मारल्या म्हणजे झाले, असे दुकानदार सांगतो. पण बारीक खाचा ज्येष्ठातल्या पहिल्या चिखलातच भरून जातात. खाचा हव्याच असतील तर त्या रुंद, कडेजवळ आणि झाडूने साफ होतील अशा असाव्यात. दर्शनी पायऱ्या चकचकीत हव्यात, कारण सोयरिकीला येणारे पाहुणे त्याच पाहतात, हे कारण मी ऐकून आहे. घसरून पडलेला पाहुणाही ती सोयरीक बराच काळ लक्षात ठेवतो.

मग बाहेर काय लावावे? ग्रॅनाइटच हवा असेल तर फिकट रंगाचा आणि फ्लेम फिनिशचा, म्हणजे पृष्ठभाग आगीच्या झोताने खरबरीत केलेला, घ्यावा. खर्च कमी ठेवायचा असेल तर बिनपॉलिशचा कोटा चांगला, मात्र पापुद्रे सुटणाऱ्या लाद्या ठोकून पाहून बाजूला काढाव्यात. कोटा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, हे बांधणाऱ्यांनीच नव्हे तर धुणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला मजूर सर्रास ॲसिड ओततात. त्याने डागाबरोबर दगडाचा पृष्ठभागही खाल्ला जातो आणि फरशी कायमची पांढुरकी, निस्तेज होते. संगमरवराचेही तेच, शिवाय त्यावर हळदीचा डाग बसतो आणि हळदी-कुंकू तर दारातल्या पायरीवरच व्हायचे, त्यामुळे बाहेर संगमरवराचा विचारही करू नये.

व्हिट्रिफाइड टाइल्सबद्दल माझे मत कडक आहे. ही टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून साध्या सिमेंटच्या घोळावर ती नीट पकडत नाही. उन्हाने तापून आणि पावसाने गार होऊन काही काळाने पोकळ वाजू लागते आणि मग तिची कड पोत्याच्या एका धक्क्याने उडते. लावायचीच असेल तर आयएस 15477 या भारतीय मानकानुसार व्हिट्रिफाइडसाठी चालणारे टाइल ॲडहेसिव्ह वापरावे, सांधे मोकळे ठेवून ग्राउट भरावे आणि घसरणरोधक वर्गवारीत आर 11 मागावे. टाइलचा पृष्ठभाग नुसत्या बोटाने चाचपून ती घसरणार नाही असे ठरवू नये.

खरे सांगायचे तर बाहेरच्या जिन्याला मी कोणताही दगड न लावता सिमेंटचा कोबाच सुचवतो. घोटून आरशासारखा केलेला नव्हे, तर ओला असताना आडवा झाडू फिरवलेला. कडा थोडी गोल करावी, पायरीला बाहेरच्या बाजूस फुटामागे तीन-चार मिलिमीटर उतार द्यावा म्हणजे पाणी साचत नाही. कडेला लोखंडी अँगल बसवण्याची पद्धत आहे. पोत्यांच्या जाण्यायेण्यात ती कड वाचवते, पण उघड्यावर गंजून काँक्रीटला फोडते, म्हणून बाहेर ती टाळावी. रंगही नको: बाहेरचा ऑइलपेंट सोलून निघतो आणि इपॉक्सी उन्हाने पिवळा पडून भुकटी सोडतो.

अंगणातून छपरीत चढणाऱ्या दोन-चार पायऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या पायऱ्या जोत्यापासून वेगळ्या हलतात. मुरूम भरून, दाबून, त्यावर काँक्रीट घातले तरी पायऱ्या आणि जोते यांच्यात सांधा ठेवावा आणि फरशी त्या सांध्यावरून सलग नेऊ नये. सलग नेली तर तडा तिथेच जातो आणि दोष फरशीच्या माथी मारला जातो.

घरातल्या जिन्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तिथे ऊन-पाऊस नसतो. बसवल्यावर पॉलिश केलेला कोटा स्वस्त, थंड आणि टिकाऊ. हौस असेल तर लेदर फिनिशचा, म्हणजे चकचकीत न करता चामड्यासारखा किंचित खरबरीत ठेवलेला, ग्रॅनाइट. ग्रॅनाइटची कड उभ्या भागाच्या फार पुढे काढू नये, नाही तर चढताना पायाचा अंगठा तीत अडकतो. आलापल्लीच्या सागवानाच्या पायऱ्या देखण्या दिसतात, पण काँक्रीट पूर्ण सुकल्याशिवाय आणि उधईचा बंदोबस्त केल्याशिवाय त्या बसवू नयेत. भिंतीलगत चार इंचांची गडद पट्टी मात्र घ्याच. खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्या जिन्याच्या कोपऱ्यातच का पडतात हे कोडे सुटेपर्यंत ती उपयोगी पडेल.

भावाने आता आत कोटा आणि बाहेर कोबा असे मान्य केले आहे. बाहेरचे काम मे महिन्यात उरकू, असे मिस्त्री म्हणतो, कारण तेव्हा शेतातील कामे नसल्याने मजूर मिळतात. पण पीपीसी, म्हणजे राख वगैरे मिसळलेल्या, सिमेंटच्या काँक्रीटला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किमान 10 दिवस, आणि कोरड्या उष्ण हवेत 14 दिवसांपर्यंत, ओलावा द्यावा लागतो. विहीर आटत असताना ते पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न त्याने मिस्त्रीलाच विचारावा, असे मी सुचवले आहे. तेवढी सोय होत नसेल तर बारदाने ओले ठेवता येतील अशा थंडीच्या दिवसांपर्यंत थांबलेले बरे. तोवर कच्च्या काँक्रीटच्या पायऱ्यांवरून जाणे-येणे चालेल, फक्त वरची धूळ पाण्याने धुऊन, पृष्ठभाग टोचून खरबरीत केल्यावरच कोबा घालावा.