तुम्ही विचारलेत म्हणून: पणजोबा खरेच लढाईत होते का?

लग्नघरी, तेरवीच्या पंगतीत आणि आता भाच्याच्या शाळेतील प्रकल्पापायीही मला एकच प्रश्न विचारला जातो: पणजोबा खरेच लढाईत होते का? ‘पहिल्या महायुद्धात इराकमधील बसऱ्याला गेले होते’ एवढे मी सांगतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण त्याला त्याच मोहिमेतील कूत शहराचा गाजलेला वेढा हवा असतो, निदान दंडावर गोळीची एखादी खूण तरी. एकदा सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या लग्नात मला निवांत जेवता येईल.

आमच्याकडे पुरावा म्हणून एकच वस्तू आहे: १९१४ आणि १९१८ ही वर्षे असलेले ब्रिटिश युद्धपदक. त्याच्या एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आहे. या घोडेस्वाराच्या भरवशावर आमचे पणजोबा तीन पिढ्या घोडदळात होते. प्रत्यक्षात चित्र सर्वांना सारखेच मिळाले, फरक धातूचा होता. लढणाऱ्यांना पदक चांदीचे मिळाले, तर मजूर-हमालांच्या तुकड्यांना त्याच छापाचे ब्राँझचे. अशी ब्राँझची सुमारे १ लाख १० हजार पदके निघाली. आमचे त्यांपैकी एक.

कागद का शोधत नाही, असेही विचारले जाते. शोधले. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, त्यांच्या मृत्यूची नोंद आहे, पण तिच्यात बसरा नाही. पंजाबातील सुमारे ३ लाख २० हजार जणांची गाववार नोंद लाहोरच्या संग्रहालयातील वह्यांत टिकली. आपल्या मध्य प्रांताची तशी वही मला कुठे मिळालेली नाही. जे तिकडे मेले त्यांची निदान मोजदाद झाली, जरी बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीपुढे केवळ आकडा कोरलेला असला तरी. माझे पणजोबा जिवंत परत आले, त्यामुळे ते त्या आकड्यातही नाहीत.

उरली पदकाची कड. तिच्यावर क्रमांक, नाव आणि तुकडी इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. पाच वर्षांपूर्वी खंडेनवमीला नागपूरच्या महाल भागातील आत्याच्या घरी सगळी भावंडे जमली होती. पूजेत विळा, अडकित्ता, शिवणयंत्र आणि त्यांच्याशेजारी हे पदक होते. मी ते उचलले, खिशातील भिंग काढले आणि भाच्याला मोबाईलची बत्ती तिरकी धरायला सांगितली. क्रमांकाचे दोन आकडे लागले, शेवटी ‘कोर’, म्हणजे तुकडी, हा शब्द लागला, आणि मधल्या शब्दाच्या पहिल्या अक्षराचा केवळ तळ उरलेला दिसला, एक आडवी रेघ. ती उभ्या दांड्याच्या उजवीकडे असेल तर ‘एल’, म्हणजे लेबर. डावीकडे असेल तर ‘जे’, म्हणजे जेल. १९१६ पासून आपल्याकडील तुरुंगांतून शिक्षामाफीच्या बोलीवर कैद्यांच्या तुकड्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, नेल्या होत्या, हे मी वाचलेले होते, आणि वाचलेले बोलून दाखवण्याची मला भारी हौस. मी बोललो. घोडदळ तर नव्हतेच, हेही जोडले.

आत्या ऐंशीच्या पुढची. हातातील झेंडूची माळ तशीच ठेवून ती म्हणाली, “म्हणजे माहा आजा चोर होता, असं म्हणून राह्यला का तू?”

मी घाईने खुलासा केला की पुरावा अपुरा आहे, की कैदी असणे म्हणजे चोर असणे नव्हे, की त्या युद्धासाठी हिंदुस्थानातून सुमारे ५ लाख ६३ हजार बिनलढाऊ माणसे भरती झाली आणि त्यांच्याशिवाय बसऱ्याच्या धक्क्यावर एक पोते उतरले नसते. हे सगळे खरे आहे. ते मी आधी सांगितले नाही, हेही खरे आहे. तेव्हा सत्य सांगणे माझे कर्तव्य होते असे मी स्वतःला समजावले. आज मला वाटते की सत्यापेक्षा ते भिंग मला अधिक मिरवायचे होते. तरीही घोडेस्वाराची कथा पुढे चालू द्यायला हवी होती, हे मला अजून पटत नाही.

ती अक्षरे कुठे गेली, हेही सांगायला हवे. दर खंडेनवमीला पदक चिंच आणि राखेने लख्ख घासले जाई, आणि आठव्या वर्षापासून कॉलेजात जाईपर्यंत ते काम माझे होते. चित्राची बाजू चमकली की मी कड अंगठ्याने घासत असे, कारण खाचांत काळे राहिले की आत्या पुन्हा घासायला लावायची.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे: ते बसऱ्याला होते, पलटणीत नव्हते, आणि मजूर म्हणून गेले की कैदी म्हणून, ते मी सांगू शकत नाही. भाच्याने प्रकल्पात ‘सैनिक’ लिहिले आहे. मी ते खोडले, मग पुन्हा लिहू दिले, आणि आता तो मला फोन करून विचारतो की नक्की काय ठेवू.

गेल्या खंडेनवमीला आत्याने पदक स्वतः काढून माझ्या हाती दिले. “कोरड्या फडक्यानं पूस,” ती म्हणाली, “चिंच नको लावू.”