चपटीतला अ‍ॅझोटोबॅक्टर : नोंद चौथी

मागच्या नोंदीत ज्या चिकट, चकाकणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतींबद्दल मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते, त्या सगळ्याच अ‍ॅझोटोबॅक्टरच्या असतील असे आता वाटत नाही. हा मातीतला जिवाणू हवेतला नायट्रोजन वापरतो, म्हणून नायट्रोजन नसलेल्या माध्यमावर (जिवाणू वाढवण्यासाठी केलेल्या अन्नाच्या थरावर) मुख्यतः तोच वाढेल अशी कल्पना होती. त्या वेळचे माध्यम नायट्रोजनविरहित असल्याचे मी गृहीत धरले होते, पण तपासले नव्हते. या वेळी बेकरीत वापरतात ते कोरडे यीस्ट उकळून गार केलेल्या पाण्यात दोनदा धुऊन त्याच माध्यमावर तारेने ओढले. यीस्टला हवेतला नायट्रोजन वापरता येत नाही, तरीही दुसऱ्याच दिवशी रेघेवर पांढरे ठिपके उठले. म्हणजे माध्यमात कुठून तरी नायट्रोजन येत होता.

संशय दोन पदार्थांवर होता. पहिला गूळ. कोल्हापुरात राहून साखर विकत आणायची हे मनाला पटेना, म्हणून मी गूळ वापरला होता; परंतु गुळात उसाच्या रसातली प्रथिने आणि अमिनो आम्ले थोडीफार उतरतातच, तेव्हा या कामासाठी पांढरी साखरच हवी. दुसरा चायना ग्रास. हे किराणा दुकानातले अगारच (माध्यम गोठवणारा पदार्थ) आहे, मात्र प्रयोगशाळेच्या प्रतीइतके शुद्ध नसते. (अगार मुळात स्वयंपाकघरातूनच प्रयोगशाळेत गेले: 1881 च्या सुमारास फॅनी हेसे यांनी जिलेटिनऐवजी ते सुचवले, कारण उन्हाळ्यात जिलेटिन वितळत असे.) आता मी चायना ग्रासचे तुकडे दोन दिवस पाण्यात ठेवतो, पाणी सहा वेळा बदलतो आणि मग पिळून वाळवतो. धुतलेल्या चायना ग्रासवर यीस्टची रेघ चार दिवसांनीही जेमतेम दिसत होती.

एका लिटरला सध्याचे प्रमाण असे आहे: साखर 20 ग्रॅम, धुतलेले चायना ग्रास 22 ग्रॅम (15 ग्रॅममध्ये थर लिबलिबीत राहतो), मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ प्रत्येकी चिमूटभर, कॅल्शियम कार्बोनेट 5 ग्रॅम, आणि फॉस्फेटसाठी कृषी सेवा केंद्रातले झिरो-बावन्न-चौतीस पाव ग्रॅम. या खताच्या नावातला पहिला, म्हणजे नायट्रोजनचा, आकडा शून्य आहे, हेच आपल्या कामाचे. दुकानदाराने चुकून एकोणीस-एकोणीस-एकोणीस दिले तर सगळा प्रयोग वाया जाईल. कॅल्शियम कार्बोनेट म्हणून फळ्याचा खडू घेऊ नये, कारण साधा खडू बहुधा जिप्समचा असतो. व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे आले नाहीत तर तो खडू बाजूला ठेवावा. मी अंड्यांची टरफले उकळून, वाळवून, कुटून घेतो.

पेट्री डिशऐवजी भंगारवाल्याकडून आणलेल्या 180 मिलीच्या चपट्या वापरतो. त्या मागताना मिळणाऱ्या नजरेची सवय करून घ्यावी लागते, पण आडव्या ठेवल्या की 30 मिली माध्यमाचा सपाट थर मिळतो, तोंडाला कापसाचा बोळा बसतो आणि शाळेतल्या मुलांना त्या सहज उघडता येत नाहीत. एका बाटलीतल्या माध्यमाचा खर्च कटिंग चहाच्या आत राहतो. कुकर मात्र यासाठी वेगळाच ठेवला आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर असल्यामुळे 15 पौंड दाबालाही वाफ निर्जंतुकीकरणासाठी लागणाऱ्या 121 अंशांच्या किंचित खालीच राहते, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 20 ऐवजी 30 मिनिटे देतो. एकदा घाईने शिट्टी उचलली, तर आतले माध्यम उसळून बोळे उडाले आणि दोन बाटल्यांना तडे गेले. कुकर आपणहून गार होऊ द्यावा.

या सुधारित माध्यमावर पंचगंगेकाठच्या उसाच्या फडातल्या काळ्या मातीचे आणि पन्हाळ्याच्या उतारावरच्या तांबड्या मातीचे प्रत्येकी 20 कण, सायकलच्या वाकवलेल्या स्पोकने, ओळीत ठेवले. बाटल्या घरातल्या तापमानालाच ठेवल्या. 37 अंशांची ऊब मी मुद्दाम देत नाही, कारण माणसाला बाधणारे जंतू तिथे जोमाने वाढतात. पाचव्या दिवशी काळ्या मातीच्या 14 कणांभोवती ओलसर, पारदर्शक झालर दिसली, तर तांबड्या मातीच्या केवळ दोनच. अ‍ॅझोटोबॅक्टरला आम्ल माती मानवत नाही आणि पश्चिमेकडची जास्त पावसाची जांभ्याची माती आम्लधर्मी असते, त्यामुळे हा फरक अपेक्षितच होता. तरी 20 कणांवरून फार बोलू नये. दहाव्या दिवशी काळ्या मातीच्या नऊ झालरी तपकिरी झाल्या. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून 40 च्या भिंगाखाली जाड, लंबगोल पेशी जोडीजोडीने दिसल्या, त्यामुळे या नऊंबद्दल मला बऱ्यापैकी खात्री वाटते.

बाकीच्या पाच झालरी तपकिरी न होता पांढऱ्या झाल्या आहेत आणि त्यांना मातीचा वास येतो. त्या अ‍ॅक्टिनोमायसीट, म्हणजे बुरशीसारखे तंतू करणाऱ्या मातीतल्या जिवाणूंच्या, असाव्यात. त्यांतल्या दोन झालरी नव्या बाटल्यांत उतरवल्या आहेत. जुन्या बाटल्या धुण्याआधी बोळ्यांसह पुन्हा अर्धा तास कुकरमध्ये गेल्या.