हात थरथरत नाही का?

कोरीवकाम केलेलं मातीचं भांडं हातात घेतलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. एवढ्या बारीक रेघा, त्याही एवढ्या सारख्या. हात थरथरत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: थरथरतो, सगळ्यांचाच. कोपर टेबलाच्या कडेला टेकवलं आणि करंगळी भांड्यावर रोवली की ती थरथर हत्याराच्या टोकापर्यंत पोचत नाही. हाताचं काम तेवढ्यावर भागतं. डोळ्यांत तेल घालून सांभाळावं लागतं ते मातीतलं पाणी.

चाकावरून उतरवलेलं भांडं सुकत जाताना मध्ये एक टप्पा येतो. उचललं तरी आकार बदलत नाही, पण नख मारलं तर सालपट निघतं. स्पर्श नव्या साबणाच्या वडीसारखा. या टप्प्याला लेदर-हार्ड म्हणतात आणि कोरायचं ते याच वेळात. घड्याळाकडे बघू नका, हत्याराखालून काय निघतंय ते बघा. कात्रण पात्याला चिकटत असेल आणि रेघेच्या दोन्ही काठांना बांधासारखी माती वर येत असेल, तर घाई झाली. कात्रण लांब, गुंडाळत जाणाऱ्या फितीसारखी सुटून पडली, तर वेळ बरोबर आहे. तिचा भुगा होऊ लागला, मातीचा रंग फिकट दिसू लागला, तर उशीर झाला. आता रेघेची कड तुटत जाणार.

उशीर झाला की बरेच जण पाणी फवारतात. ते करू नका. वरचा थर पाणी पिऊन फुगतो, आतला तसाच राहतो आणि दोघांच्या ताणात बारीक भेगा पडतात. त्यापेक्षा वेळ आधीच लांबवावी. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाला चार-पाच सेंटिमीटर जाडीचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर ओतून घट्ट होऊ द्यायचा आणि त्याला पाणी पाजायचं. या दमट डब्यात भांडं कितीतरी दिवस लेदर-हार्ड राहतं. मोठ्या नक्षीला आठवडेही लागतात, त्यामुळे हा डबा मला कुठल्याही महागड्या हत्यारापेक्षा मोलाचा वाटतो. कोरताना भांड्याचा काठ सर्वांत आधी सुकतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून ठेवायची.

भांडं घडवतानाच कोरण्याचा विचार हवा. चार मिलिमीटर खोल कोरायचं असेल तर भिंत आठ-दहा मिलिमीटरची ठेवावी, म्हणजे निम्म्याच्या वर खोल जावं लागत नाही. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असणं त्याहून महत्त्वाचं. ती कुठे पातळ आहे हे बोटाने टिचकी मारून, आवाजावरून कळतं. माती बारीक पोताची घ्यावी. खरबरीत कण मिसळलेली असेल तर प्रत्येक कण पात्याखाली फरफटतो आणि रेघेत ओरखडा उमटवतो.

आखणीसाठी कागदाची पट्टी भांड्याभोवती गुंडाळून जोडावर कापायची, चार वेळा दुमडायची. सोळा सारखे भाग मिळतात. खुणा शिसपेन्सिलीने केल्या तरी चालतं, भट्टीत त्या जळून जातात. पोर्सेलिन (पांढरी, बारीक चिनी माती) सुकताना आणि भाजताना मिळून बारा-पंधरा टक्के आकसतं, म्हणून दोन रेघांत किमान दोन मिलिमीटर अंतर सोडावं. त्याहून कमी ठेवलं तर झिलईखाली, म्हणजे भट्टीत वितळून भांड्यावर बसणाऱ्या काचेसारख्या थराखाली, दोन्ही एक होतात.

रेघेचा तळ गोलसर ठेवावा. टोकदार 'व्ही' आकाराच्या तळाशी ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. रेघेच्या काठावर उरलेली मातीची बारीक कूस ओल्यात पुसायला गेलात तर ती खाचेत जाऊन बसते. भांडं आणखी सुकलं की मऊ ब्रशने अलगद झडते. पूर्ण सुकलेल्या मातीवर कोरणारेही आहेत. ॲडलेड अल्सॉप रॉबिनो या अमेरिकन कलाकाराचं १९१० सालचं 'स्कॅरब व्हाझ' हे पोर्सेलिनचं भांडं तसंच कोरलेलं आहे, आणि त्याला हजार तास लागल्याचं सांगितलं जातं. पण कोरड्या कोरण्यात सिलिकाची धूळ उडते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. चांगला मास्क हवाच, आणि नंतर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

कोरलेलं भांडं सुकायला आठ-दहा दिवस द्यावेत, तेही सैल झाकून, कारण खोल भाग पातळ असल्यामुळे आधी सुकतो आणि उरलेली भिंत त्याला ओढते. पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सियसची. शंभर अंशांच्या आत भट्टी काही तास रोखून धरावी, म्हणजे अडकलेलं पाणी वाफ होऊन भिंत फोडत नाही. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्‌झचं आकारमान एकदम बदलतं. तिथून जाताना वर चढणंही सावकाश आणि उतरणंही सावकाश.

झिलईवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण कोरीवकाम दिसतं की बुजतं हे तीच ठरवते. घट्ट पांढरी झिलई खाचा भरून टाकते आणि आठवड्यांची मेहनत सपाट होते. पारदर्शक, एक-दोन टक्के लोहाची सेलाडॉन झिलई वितळताना खाचेत साचते. जिथे जाड, तिथे गडद हिरवी. उंचवट्यावर पातळ, जवळजवळ रंगहीन. चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातल्या (दहावं ते तेरावं शतक) याओझोऊ या ठिकाणच्या भांड्यांत हे फार सुंदर दिसतं. तिथल्या कारागिरांनी पाकळीची कड एका बाजूने सरळ खोल कापली आणि दुसऱ्या बाजूने पातं तिरकं धरून उतार दिला. सरळ कडेशी रंग गडद होतो आणि उतारावर विरत जातो. रेघ एकच, पण छटा पाच-सहा.

झिलई लावण्याआधी भांडं धुऊन एक दिवस वाळवावं. खाचेत धूळ राहिली तर झिलई तिथून मागे सरते आणि उघडी माती दिसते. सरळ बुडवलं तर खाचांत हवा अडकून टाचणीएवढी भोकं पडतात, म्हणून आधी झिलईचा पातळ हात ब्रशने खाचांत फिरवायचा आणि मगच भांडं बुडवायचं.