अग्रत्वचेची लांबी प्रत्येकाची वेगळी का असते?

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात लग्न ठरलेले तरुण अधूनमधून सर्दी-खोकल्याच्या निमित्ताने येतात आणि औषध लिहून झाल्यावर खालच्या आवाजात विचारतात, की शिश्नावरची पुढची कातडी, म्हणजे अग्रत्वचा, मोबाइलवर पाहिलेल्या चित्रांपेक्षा फार लांब किंवा फारच आखूड आहे, तर त्यात काही दोष आहे का. बहुतेकांत दोष नसतो, तरीही या काळजीने महिनोन्‌महिने झोप उडालेली माणसे मी पाहिली आहेत.

गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून शिश्नमुंडाच्या, म्हणजे शिश्नाच्या टोकाच्या गोलसर भागाच्या, मागे त्वचेची घडी उठते आणि चौथ्या महिन्यापर्यंत पुढे सरकत मुंड झाकते. ही वाढ पुरुषी संप्रेरकांवर आणि मूत्रमार्गाच्या घडणीवर अवलंबून असते. म्हणूनच मूत्रमार्गाचे छिद्र जन्मतः खालच्या बाजूला असेल, तर अग्रत्वचा बहुधा वरच्या बाजूलाच टोपीसारखी साचलेली असते आणि खाली अपुरी पडते. पुढे वयात येताना शिश्न वाढते, पण त्वचा नेमकी त्याच प्रमाणात वाढेलच असे नाही. त्यामुळे सुंता न झालेल्या निरोगी प्रौढांतही कोणाचे मुंड पूर्ण झाकलेले असते, कोणाचे अर्धे उघडे, तर कोणाच्या मुंडापुढेही त्वचा उरलेली असते.

शिवाय एकाच माणसाच्या अग्रत्वचेची लांबीही दिवसभर सारखी राहत नाही. या त्वचेखाली अनैच्छिक, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय हलणाऱ्या, स्नायूंचा पातळ थर असतो. मे महिन्याच्या उकाड्यात तो सैल पडतो आणि पावसात भिजून आल्यावर आकसतो, तेव्हा शिश्न आत ओढले जाऊन पुढची त्वचा जास्त दिसते. ओटीपोटाखाली चरबी वाढली की हेच कायमचे घडते. त्वचा तेवढीच असते, पण शिश्नाचा बाहेरचा भाग कमी उरल्याने ती लांब वाटते.

मला खरी काळजी वाटते ती प्रौढ वयात झालेल्या बदलाची. पन्नाशीतले एक गृहस्थ कातडी मागे जात नाही म्हणून आले होते. कडेवर बारीक उभ्या चिरा होत्या, त्वचा लाल व घट्ट झाली होती आणि रक्तातली साखर तपासली, तेव्हा त्यांना प्रथमच मधुमेह असल्याचे कळले. वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाने चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतात आणि अग्रत्वचेचे तोंड अरुंद होत जाते. त्वचा पांढरट व कडक झाली असेल, तर लायकेन स्क्लेरोसस हा वेगळा आजारही असू शकतो आणि त्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावेच लागते.

त्वचा लांब असो वा आखूड, ती न दुखता मागे जाऊन परत पुढे येत असेल आणि रोज पाण्याने स्वच्छ होत असेल, तर उपचाराची गरज नाही. मात्र मागे गेलेली त्वचा मुंडामागे अडकून सूज आली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.