रडलं तर केस पडंल का?

मंगळवार, रात्र

नवऱ्याविरुद्ध घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केलेली माझी एक अशील आहे. संध्याकाळी निघता निघता तिनं विचारलं, "मॅडम, साक्षीच्या टायमाला रडू आलं तर केस पडंल का?" मी म्हटलं, नाही पडत. तेवढ्यावर ती गेली खरी, पण समाधान काही झालेलं नव्हतं. माझंही झालेलं नाही. भावानं तिला मोबाइलवर अँबर हर्डची क्लिप दाखवली होती. "बघ कशी खोटं रडत्या. तू असलं काय करू नको."

खटला २०२२ चा: तिनं छळ झाल्याचं लिहिलं म्हणून हॉलिवूडचा नट जॉनी डेप यानं नटी असलेल्या या आधीच्या बायकोवर लावलेला बदनामीचा दावा. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सचं कोर्ट, ११ एप्रिलला सुरू झाला आणि १ जूनला निकाल लागला. एवढी वर्षं झाली तरी त्याचे तुकडे फिरतायत आणि इथं एका बाईच्या घशात येऊन अडकतायत.

लोकांनी त्यात काय पाहिलं? हर्डच्या वकिलीणबाईंनी सुरुवातीच्या भाषणात मेकअपची एक डबी दाखवली: असल्या डबीनं ती वळ झाकायची. मिलानी कंपनीनं लगेच व्हिडिओ टाकला की आमची ही डबी २०१७ ला बाजारात आली, आणि यांचं लग्न तर २०१६ लाच मोडलेलं. झालं, सगळीकडे ‘पकडली’. वकिलाचं सुरुवातीचं भाषण हा पुरावाच नसतो, हे कोण सांगणार? दुसरी क्लिप तिच्याच दुसऱ्या वकिलाची, स्वतःच्याच प्रश्नावर हरकत घेतली म्हणून जगभर हसू झालेली. हरकत प्रश्नावर नव्हती, उत्तरावर होती. साक्षीदार ‘डॉक्टरांनी मला सांगितलं’ असं बोलून गेला, म्हणजे ऐकीव. असं उत्तर आपल्याकडेही कुठलाही वकील अडवेल. त्या न्यायाधीशबाईंनी मात्र ‘प्रश्न तुम्हीच विचारलात’ म्हणून सोडून दिलं. आणि ज्युरीतले सात जण रोज संध्याकाळी आपापल्या घरी जात होते. बातम्या बघू नका एवढीच ताकीद, बाहेर मात्र सगळं जग तेच बघत होतं.

लंडनचा निकाल तर कुणाला आठवतही नाही. तिथं बायकोला मारणारा असं छापलं म्हणून डेपनं वर्तमानपत्रावर दावा लावला होता. कॅमेरा नाही, ज्युरी नाही, एकटे न्यायमूर्ती निकोल. २ नोव्हेंबर २०२० ला त्यांनी मारहाणीच्या १४ प्रसंगांपैकी १२ बऱ्याच अंशी खरे धरले. व्हर्जिनियाच्या ज्युरीनं उलटा कौल दिला: हर्डनं १ कोटी डॉलर भरपाई आणि ५० लाख दंडात्मक द्यावेत (त्या राज्याच्या कायद्यानं दंडात्मक रक्कम साडेतीन लाखांवर आली), आणि डेपच्या वकिलाच्या एका विधानापोटी उलट हर्डला २० लाख. जोडपं तेच, पण प्रतिवादी वेगळा आणि सिद्ध करायचा भार वेगळ्याच्या डोक्यावर. इंग्लंडात खरेपणा छापणाऱ्यानं सिद्ध करायचा. तिकडं अमेरिकेत खोटेपणा, आणि वर ते खोटं आहे हे माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता म्हटलं हेसुद्धा, दावा लावणाऱ्यानं. हे रीलमध्ये मावत नाही. रडणं मात्र मावतं.

मला तेच डाचतंय. ती आता रडू दाबणार. दगडासारखी उभी राहणार. मग म्हणतील, एवढं झालं असतं तर डोळ्यांत पाणी नसतं आलं का? रडली तर नाटक, नाही रडली तर खोटी. आणि चेहरा सांभाळण्यात लक्ष गेलं की कान प्रश्नावर राहत नाहीत. उलटतपासात जोडप्रश्न येतोच: "त्या दिवशी तुम्ही घरीच होता आणि नंतर स्वतःच्या मर्जीनं माहेरी गेलात, बरोबर?" पहिल्या अर्ध्याला हो म्हणायला जाते आणि दुसरा अर्धा पदरात पडतो. केस पडते ती अशा ‘हो’नं.

दिवसभर कागद लावायचे, दवाखान्याची चिठ्ठी आणि फिर्यादीची तारीख जुळवायची, रेकॉर्डिंग असेल तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं, आणि कट्ट्यावर निकाल लागणार चेहरा बघून. कधी कधी वाटतं, कुणासाठी करायचं हे सगळं. आईला एकदा असंच बोलले होते तर ती... जाऊ दे.

पण लोक बघणारच. १९५९ ला नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यावेळी मुंबईत टीव्ही नव्हता, तरी कोर्टाबाहेर झुंबड होती आणि ज्युरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथं शिक्षा झाली. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीत पाठ लागली की शेवटच्या पायरीवरच्यालाही दिसते, म्हणून तिथं हजारोंनी ओरडलं तरी बिघडत नाही. साक्षीत पाठ कधी लागली ते बहुतेकदा पिंजऱ्यातल्यालाही कळत नाही. बघणाऱ्यांवर रागावून उपयोग नाही. आपल्याकडे निदान सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीच्या नमुना नियमांत वैवाहिक तंटे आणि साक्षीपुरावा, उलटतपास थेट प्रक्षेपणातून वगळलेत. ते तसंच राहू दे.

शेवटी उरतो तो जबाब. ती दहा मिनिटं रडली तरी त्यात एक ओळ वाढत नाही. मॅजिस्ट्रेट साहेब सांगतात, स्टेनो टाइप करतो: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी पैशासाठी खोटा अर्ज केला आहे.’ साक्षीदाराच्या वागण्यावर शेरा लिहायची मुभा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१५ नं साहेबांना आहे, पण ती क्वचित वापरली जाते. वर सेशनला अपील गेलं काय किंवा पुढं भाऊसिंगजी रोडला हायकोर्टाच्या सर्किट बेंचपुढं गेलं काय, जातो तो हाच कागद. तिथं कुणी तिचा चेहरा बघणार नाही.

तिला उद्या बावड्याच्या कोर्टात जाण्याआधी एवढंच सांगायचं. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची साक्ष, शपथपत्रावर झालाय, तो एकदा वाचून घे. प्रश्न पुरा होऊ दे, मग बोल. दोन प्रश्न एकात आले तर ‘वेगवेगळे विचारा’ म्हण. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’, अंदाज नको. उत्तर देताना साहेबांकडे बघ, नवऱ्याकडे नाही. रडू आलं तर रड, पाणी माग, साहेब थांबतात. सहीआधी जबाब पुरा वाच, चुकलं असेल तर तिथंच सांग.

आणि घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १६ खाली इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआडच्या, सुनावणीचा अर्ज सकाळी टाइप करून घ्यायचा. अर्ध्या पानाचा तर आहे. मंजूर झाला तर भावाला बाहेर बाकावर बसावं लागेल. ते त्याला मीच सांगेन.